नात्याच्या रकान्यात

अल मजाज, शारजा
६ सप्टेंबर २०२६

सगुणाबाय,

पत्राला उशीर झाला, माफ कर, असं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. महिन्या-दोन महिन्यांचा उशीर असता तर ते वाक्य शोभलं असतं. पंधरा वर्षांच्या उशिराला काय लिहितात ते सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवलं नव्हतं. तरी माफ कर.

तुझ्या नातीचा, प्रज्ञाचा, नंबर मला विघ्नेशने दिला. तो आपल्या शेजारच्या वाडीचा. मी अबू धाबीजवळच्या मुसफ्फात सव्वीस वर्षं वेल्डिंग केलं, तिथेच एका वर्कशॉपात तो आता आहे. मी हे कागदावर लिहितोय. त्याचा फोटो प्रज्ञाच्या फोनवर जाईल, ती तुला वाचून दाखवेल. सरळ फोन करायचा धीर होत नाही. तू काही बोलली नाहीस तर काय करू? आणि बोललीस तर त्याहून काय करू?

मी प्रल्हादकडे असतो. बाराव्या मजल्यावर घर आहे, खाली खाडीचं पाणी, भोवती फिरायला फरशी. सून स्मिता दवाखान्यात हिशेबाच्या कामाला जाते. नात दिया बारा वर्षांची. माझी तब्येत ठीक म्हणायची. रक्तदाब आहे, गुडघे आहेत, आणि सारखं वाटत राहतं की गॅस चालू राहिलाय. दिवसातून चारदा उठून बघतो. स्मिता म्हणते, "बाबा, शेगडी विजेची आहे."

पत्र लिहायचं कारण सांगतो. दियाच्या शाळेत प्रदर्शन आहे. जगातल्या मूळच्या लोकांवर प्रत्येकाने एक तक्ता करायचा. तिच्या वाट्याला ऑस्ट्रेलिया आला. कागदाची शंभर माणसं कापून चिकटवायची, त्यांतली किती तिथली मूळची, ते रंगवून दाखवायचं. कापायचं काम माझ्याकडे. वेल्डरचा हात आहे, अजून थरथरत नाही.

मी विचारलं, "किती रंगवू?"

"ऑलमोस्ट फोर, आजोबा. थ्री पॉइंट एट."

म्हणजे शंभरात जेमतेम चार. सगळे मिळून दहा लाखांना थोडे कमी, तिथल्या बेटांवरचे लोक धरून. हा आकडा पाच वर्षांपूर्वीच्या गणतीचा. मी म्हणालो, "जंगलात राहत असतील बिचारे." ती माझ्यावर खेकसलीच. "आजोबा, दॅट्स सो रूड! बरेच जण सिटीत राहतात. डॉक्टर आहेत, टीचर आहेत. नाऊ. टुडे. टीचरने सांगितलंय, म्युझियमसारखं लिहायचं नाही."

मग खाली एक कोपरा होता, तिथे आपल्या देशाचं लिहायचं होतं. तिने वाचून दाखवलं. भारतात मागच्या शिरगणतीत आदिवासी दहा कोटींच्या वर. शंभरात आठ-नऊ. मोजून झाल्यावर तिने मान वर केली आणि सहज विचारलं, "सो मेनी! आजोबा, आपण कोणाला ओळखतो का?"

बाय, माझ्या हातात कात्री होती. मी म्हणालो, "नाही गं. आपल्या ओळखीत कोणी नाही."

ती "ओके" म्हणाली आणि रंगवायला लागली. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

तेव्हा बदलापूरला आपल्यात जो गैरसमज झाला तो आता जुना झाला. तू रागावून निघून गेलीस, मीही मागे आलो नाही. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नंतर झालं असेलच. वाडीत आता किती घरं आहेत, कोण कोण आहे, ते कळव. जमलं तर प्रज्ञाला तुझा एक फोटो पाठवायला सांग.

तुझा
केरू


उंबराची वाडी, तालुका कर्जत
१५ सप्टेंबर

केरू,

तुझा कागद प्रज्ञाने दोनदा वाचला. एकदा मी उभी होते, एकदा बसून ऐकला. ती म्हणते, आजी, तू सांग, मी जसंच्या तसं लिहिते. तर हे जसंच्या तसं आहे.

गैरसमज नव्हता. मी दाराआड उभी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. माझा डोळा अधू होता, कान नव्हते.

तुला आठवत नसेल तर मी सांगते. तेव्हा तू नोकरी बदलत होतास, सहा महिने बदलापूरला होतास. मोतीबिंदूसाठी तूच मला आणलंस. पुढच्या सोमवारची तारीख होती. त्या दिवशी प्रल्हादचे होणारे सासरे घर बघायला आले होते. चहा मीच केला, आलं घालून. तेवढ्यात शिरगणतीचे मास्तर आले आणि तुझ्यासमोर कागद उघडून बसले. घरात कोण कोण? तू तुझं नाव सांगितलंस. मग मास्तरांनी माझ्याकडे हात केला. या बाई कोण? नातं काय लिहू?

तू म्हणालास, "कामाला असतात. नोकर लिहा."

मी कप ठेवले आणि आत गेले. मास्तर पुढे काय बोलले तेही ऐकलं. "अनुसूचित जमातीपैकी आहात का?" तू म्हणालास, "छे, छे."

दोनदा छे म्हणालास. एकदा पुरलं असतं.

मी सोमवारची वाट बघितली नाही. दुपारच्या एसटीने आले. तुझ्या घरून काही नेलं नाही, पिशवी तेवढी माझी होती.

तू विचारतोस म्हणून कळवते. वाडीत एक्केचाळीस घरं, दोनशे तेरा माणसं. प्रज्ञा अंगणवाडीत आहे, तिच्या वहीत सगळी नावं आहेत. तुझं नाही.

सगुणा

(आजोबा, मी प्रज्ञा. आजीला न सांगता खाली लिहिते. तिचं ऑपरेशन कधीच झालं नाही. डावा डोळा गेला, नऊ वर्षं झाली. उजव्याचं मी मागच्या वर्षी शिबिरात करून घेतलं, तो चांगला आहे. तुमच्या कागदाचा फोटो तिने त्या डोळ्याजवळ धरून बघितला. वाचता येत नाही तिला, तरी बराच वेळ बघत होती. फोटो मागू नका, ती देणार नाही.)


अल मजाज, शारजा
२१ सप्टेंबर

सगुणाबाय,

प्रज्ञाने खाली लिहिलंय ते मी वाचलं. तिला रागावू नकोस.

मागच्या वर्षी माझे दोन्ही डोळे इथे झाले. अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी. प्रल्हादने हाताला धरून नेलं, स्मिता वेळेवर थेंब घालायची. मी आठ दिवस कुरकुर करत होतो की चष्म्याची काडी टोचते. तेव्हा तुझा डोळा जाऊन आठ वर्षं झाली होती.

गैरसमज हा शब्द मी परत घेतो. मला सगळं आठवतं. तुझ्यापेक्षा जास्त आठवतं, कारण तू दाराआड होतीस आणि मला मास्तरांचं पेन दिसत होतं. त्यांनी तो शब्द लिहिताना एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता हे म्हणतात, अहो, चेहरा एकच आहे की. पण त्यांनी लिहिलं. सरकारी कागदावर माझ्या तोंडाने माझी बहीण माझी नोकर झाली. वर मी त्यांना म्हणालो, "चहा घ्या ना." तुझ्याच हातचा.

का म्हणालो, ते सांगतो. सांगून कमी होत नाही, तरी सांगतो. व्याही चांगल्या घरचे, शिकलेले. ते समोर बसले होते. तुझ्या कपाळावर गोंदण, हातभर गोंदण, लुगडं गुडघ्यापर्यंत. मी मुसफ्फाच्या कॅम्पात एका खोलीत आठ जणांबरोबर सव्वीस वर्षं काढली, कोणी विचारलं की म्हणायचो, शेतकरी आहोत. ठाकर हा शब्द तोंडातून काढला नाही. आडनावावरून इथे कोणाला काही कळत नाही. प्रल्हादला जातीचा दाखलासुद्धा काढू दिला नाही. लोकांना सांगायचो, आपल्या हिमतीवर शिकू दे. खरं म्हणजे दाखला घरात नको होता. एकदा खोटं बोललं की त्याच्यावर छप्पर घालावं लागतं, मग भिंती. मी आयुष्यभर लोखंड जोडलं, पण एवढं पक्कं काही जोडलं नाही.

आणखी एक आहे. लग्नात प्रल्हादने विचारलं, "आत्या कुठे?" मी म्हणालो, "ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय." तो दर सुट्टीत तुझ्याकडे यायचं म्हणायचा. मी म्हणायचो, ती लेकीकडे गेली आहे. पंधरा वर्षं तुला लेकीकडे पाठवत राहिलो.

दियाचा तक्ता अजून चालू आहे. काल तिने वाचलं की तिथल्या त्या लोकांतला पुरुष सरासरी बहात्तर वर्षं जगतो, बाकीच्यांपेक्षा जवळजवळ नऊ वर्षं कमी. मला बहात्तर आहेत. तिने पटकन माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "नॉट यू, आजोबा. ते त्यांचं आहे."

मी पुढचा कागद कापायला घेतला. तू सांग मी काय करू. तुझी माफी कशी मागायची तेही कळत नाही. म्हणशील तसं करतो.

केरू


उंबराची वाडी
२ ऑक्टोबर

केरू,

कंटोलीचा हंगाम सरत आला, मी रानात होते, म्हणून उशीर. एका डोळ्यालाही कंटोली दिसतात. दया करू नकोस.

माफी कशी मागायची ते मला विचारतोस? लहानपणी माझी भाकर खाऊन कुत्र्याचं नाव घेतलंस तेव्हाही मलाच विचारलं होतंस, आईला काय सांगू? अजून तोच आहेस.

त्या पोरीने तुला काहीतरी विचारलं होतं ना? कोणाला ओळखतो का म्हणून. तिला खरं उत्तर मिळालेलं नाही. आधी ते दे. तिला मिळालं की मग माझ्याशी बोल. रांग तिची आधी आहे.

आणि प्रल्हादला सांग, मला लेक नाही. मुलगा होता, तो प्रज्ञाचा बाप, तो गेला. भाच्याला एवढंही माहीत नसेल तर कोणाकडे बोट दाखवू?

सगुणा

(आजोबा, 'दया करू नकोस' म्हणताना ती हसत होती. रागावलेली असली की ती हसत नाही. एवढंच सांगते. प्रज्ञा.)


अल मजाज, शारजा
२९ ऑक्टोबर

सगुणाबाय,

पत्राला पुन्हा उशीर झाला. पण या वेळी लपत नव्हतो. तू सांगितलेलं काम करायला मला तेरा दिवस लागले. रोज ठरवायचो, आज जेवताना. रोज कोणीतरी उशिरा यायचं, नाहीतर डाळ खारट व्हायची, नाहीतर मला वाटायचं गॅस चालू राहिलाय.

शेवटी शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सगळे घरीच होते. दिया जमिनीवर बसून तक्त्याला शेवटचा हात लावत होती. ती आईला सांगत होती, "मम्मा, धिस इज क्रेझी. पाच वर्षांत त्यांचं पॉप्युलेशन इतकं वाढलं, बट हाफसुद्धा बेबीजमुळे नाही."

स्मिता म्हणाली, "मग कशामुळे? बाहेरून आले?"

"नो! बाहेरून कसे येतील? ते आधीपासून होतेच. आधीच्या सेन्ससमध्ये सांगितलं नव्हतं, या वेळी सांगितलं. खूप जणांनी. टीचर म्हणाली, आधी सांगायला भीती वाटायची, शेम वाटायची. आणि पूर्वी तर देशाचा आकडा काढताना त्यांना धरायचेच नाहीत. नाइन्टीन सिक्स्टी सेव्हनला रूल बदलला."

बाय, मला ते कळलं. माणूस न जन्मता आकडा वाढतो. नुसतं तोंड उघडलं की एक वाढतो.

मी म्हणालो, "दिया, तू मला विचारलं होतंस, आपण कोणाला ओळखतो का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. आपण ठाकर आहोत. त्या शंभरातल्या आठ-नऊंमधले. मी आहे, तुझा बाबा आहे, तू आहेस. आणि माझी मोठी बहीण आहे, सगुणा. तिला मी शिरगणतीत नोकर लिहायला लावलं."

तुझं सगळं सांगितलं. सोमवारची तारीख, एसटी, डोळा. काही सोडलं नाही.

मला वाटलं होतं स्मिता उठून जाईल. ती जागची हलली नाही. म्हणाली, "बाबा, ठाकर आहात ते मला लग्नाआधीपासून माहीत आहे. प्रल्हादने कॉलेजातच सांगितलं होतं."

"तुझ्या वडिलांना?"

"त्यांनाही. ते त्या दिवशी मुद्दाम आले होते, तुम्ही आपणहून सांगाल म्हणून. त्या बाई तुमच्या बहीण आहेत हेही त्यांनी ओळखलं. घरी येऊन म्हणाले, दोघांचं नाक एकच आहे."

मी विचारलं, "मग काही बोलले नाहीत?"

तिने दियाची कात्री उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला म्हणाले, जातीचं मला काही नाही. पण जो माणूस बहिणीला नोकर म्हणतो तो उद्या सुनेला काय म्हणेल, तेवढा विचार कर."

बाय, पंधरा वर्षं ती या घरात मला पहिला चहा देते.

म्हणजे ज्यांच्यापासून लपवायला मी तुला दाराआड केलं, त्यांना सगळं माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. मला लाज वाटू नये म्हणून तेच गप्प बसायचे. दियाला तेवढं सांगितलं नव्हतं. प्रल्हाद म्हणाला, "ते तुम्ही सांगाल म्हणून ठेवलं होतं."

पण डोळ्याचं त्याला माहीत नव्हतं. ऑपरेशन झालं हेच तो धरून होता. तो उठला, गाडीची चावी घेतली आणि खाली गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "आत्याला लेक नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. तुम्ही खोटं बोललात, पण मलाही ते सोयीचं पडलं. एक तिकीट काढलं असतं तर कळलं असतं." मग खिडकीकडे बघत राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होतो, ठेवला नाही. तो हक्क आत्ता माझा नाही.

दियाचं सांगायचं राहिलं. तिने एवढंच विचारलं, "यू मेड हर अ मेड?" मी हो म्हणालो. ती खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी 'हाय' नाही, 'बाय' नाही. तिसऱ्या दिवशी तक्ता घेऊन समोर बसली. भारताच्या कोपऱ्यात तिने आणखी कागदाची माणसं लावली होती. त्यातल्या एकावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, 'सगुणा' लिहिलं होतं. तिला मराठी लिहिता येत नाही, स्मिताकडून शिकून घेतलं. शेजारच्यावर काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "हा मी का?"

म्हणाली, "आय डोन्ट नो. आत्याआजी विल डिसाइड."

प्रदर्शन झालं. तिच्या तक्त्यापुढे मी उभा होतो. एक बाई, बहुतेक कोणाची तरी आई असेल, मला हिंदीत म्हणाली, "ये सगुणा कौन है?" मी म्हणालो, "मेरी बड़ी बहन." तेवढंच बोललो आणि घाम फुटला. काही झालं नाही. ती बरं म्हणाली आणि पुढे गेली. बाय, एवढंच होतं ते. एवढंच बोलायचं होतं मला त्या दिवशी.

आता तुझं. फेब्रुवारीत पुन्हा शिरगणती आहे. मास्तर वाडीत येतील. मी जानेवारीत येतोय, परत जायचं तिकीट काढलेलं नाही. प्रल्हाद मला सोडायला येतो म्हणतो, दिया शाळा बुडवून येते म्हणते. तू म्हणालीस तर तुझ्याकडे राहीन. तू दारात घेतलं नाहीस तर प्रज्ञाच्या अंगणवाडीच्या ओट्यावर बसेन, मास्तर येईपर्यंत.

ते विचारतील, घरात कोण कोण? घर तुझं, तेव्हा सांगणारी तू. मग माझ्याकडे हात करतील. हे कोण? नातं काय लिहू? त्या रकान्यात काय घालायचं ते तूच सांग. भाऊ म्हणालीस तर भाऊ. नोकर म्हणालीस तर मी मान हलवीन, मास्तरांना म्हणेन, बरोबर आहे, तसंच लिहा. आणि जमातीचं विचारलं तर ते मी सांगेन, तेवढं माझ्यावर सोड. छे म्हणणार नाही.

दियाचा तक्ता माझ्या पलंगाच्या समोर लावलाय. तुझ्या शेजारचा कागद अजून कोराच आहे. ती रोज शाळेतून आल्यावर विचारते, "एनी रिप्लाय?"

प्रज्ञाला सांग, लांब लिहायला नको. एक ओळ पुरे, एक शब्द पुरे. पण लवकर कळव, बाय. आजच कळव.

केरू